पिशवीतला ट्रक

आमची वहिनी खांबावर चढते आणि त्याचाच तिला पगार मिळतो. घरी कोणी नवीन माणूस आलं की मी हे मुद्दाम सांगते, कारण ऐकणाऱ्याच्या हातातला चहाचा कप हमखास हवेतच थांबतो आणि मला त्याची गंमत वाटते.

दादानं लग्न ठरवलं तेव्हा बाबांनी एकच विचारलं होतं, "मुलगी करते काय?"

"खांबावर चढते," दादा म्हणाला.

बाबांनी थोडा विचार केला. "पडत नाही ना?"

"नाही."

"मग झालं तर." बाबांच्या बाजूनं विषय तिथंच मिटला. मी मात्र नाक मुरडलं होतं. आता दादा नोकरीसाठी दूरच्या गावी, सुट्टीपुरता घरी येतो, आणि मी नि वहिनी बारा महिने एका छताखाली. दादाची आठवण आम्हा दोघींना सारख्याच वेळी येते, म्हणजे नळ गळायला लागला की.

वहिनीचं काम नीट सांगते. आमच्या शहरात मोठ्या रस्त्यांवर, चौकाचौकात, खांबांच्या वरच्या टोकाला करड्या रंगाच्या पेट्या बसवल्या आहेत. बस, ट्रक, टेम्पो, नव्या मोटारी, ह्यांच्या पोटातही तशीच एक लहान पेटी असते. ह्या सगळ्या पेट्या एकमेकींशी बिनतारी बोलतात. मी इथं आहे, एवढ्या वेगानं येतेय, पुढचा सिग्नल पडत आलाय, वळणापलीकडं कोणीतरी बंद पडलंय, असल्या गप्पा दिवसभर चालू. वाटेत कोणी अडून पडलं की खांबावरची पेटी मागून येणाऱ्या सगळ्यांना कळवते. ड्रायव्हरच्या पुढ्यातल्या पडद्यावर तांबडी खूण येते, आणि नव्या बसगाड्या तर त्यानं ब्रेक दाबायच्या आधी आपल्या आपणच हळू होतात. अर्थात पेट्या म्हटल्या की बिघडणं आलं. त्यांच्या वायरी सैल होतात, कबुतरं त्यांच्यावर संसार मांडतात. मग वहिनी शिडीची गाडी घेऊन जाते, कमरेला पट्टा बांधते आणि वर चढते.

दुरुस्ती झाली की खांब ऐकतोय की नाही हे बघायला तिच्याकडं चाचणीचा एक सेट असतो. पाटीएवढा, चपटा, काळा. तो चालू झाला की हवेत ओरडून सांगतो, मी ट्रक आहे आणि मी रस्त्यात बंद पडलोय. हे त्याचं ठरलेलं खोटं. खांबानं ते ऐकून पुढं कळवलं की खांब पास. बॅटरी वाचावी म्हणून सेट ठेवून दिला की झोपतो आणि घेऊन चालायला लागलं की जागा होतो. आमच्या घरातलं पुढचं सगळं रामायण ह्या झोपण्या-उठण्यावरून झालं.

सेटसाठी पिशवी मीच शिवली. मी कपडे शिवते. तळमजल्याची रस्त्याकडची खोली माझी आणि मशीन खिडकीला लावलेलं, त्यामुळं माझे हात कापडावर आणि डोळे रस्त्यावर असतात. पिशवी जाड केशरी कापडाची, रुंद पट्ट्याची. तळाला दुहेरी अस्तर आणि त्यात सेट गच्च बसेल असा कप्पा, म्हणजे धक्का लागायला नको. अशा दोन शिवल्या, कारण सेट दोन होते, एक रोजचा आणि एक जादाचा. जादाचा ऑफिसातच ठेवायचा असा नियम आहे. वहिनीनं तो एकदा दोन्ही ताडून बघायला म्हणून घरी आणला, पिशवीसकट दारामागच्या खिळ्याला अडकवला आणि दुसऱ्या दिवशी कामाच्या गडबडीत साफ विसरली. माझ्याही डोक्यातून ते गेलं.

आता बाबा. बाबा पोस्टमन होते. पायाला भिंगरी म्हणतात ती त्यांच्या दोन्ही पायांना होती. निवृत्त झाल्यावरही रोज सकाळी समोरचा रस्ता ओलांडून बागेत जायचे. तिथल्या बाकावर त्यांच्याचसारखी रिकामी झालेली मंडळी त्यांची वाट बघत असायची. मग गेल्या वर्षी आमच्या दारासमोरच एका मोटरसायकलनं त्यांना उडवलं. हाड जुळलं, हातात काठी आली, पण रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले की त्यांचं अवसान गळायचं. पाऊल उचलायचे आणि परत जागेवर ठेवायचे. काही दिवस तसेच माघारी आले आणि मग जाणंच सोडलं. माझ्या मशीनशेजारी खुर्ची टाकून बागेकडं बघत बसायचे.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की हे असेच बसून राहिले तर पाय कायमचे जातील. मला तर पायांच्या आधी माणूसच जाईल असं वाटायचं. ज्यानं अख्खं गाव पायाखाली घातलं त्याला समोरची बाग लांब व्हावी, हे मला बघवत नव्हतं. आणि मला एखादी गोष्ट बघवली नाही की मी रडत नाही, चिडते.

एका सकाळी अशीच चिडले. "बटाटे संपलेत, आणि ह्या घरात आणायला कोणी नाही!"

कोणाला उद्देशून म्हटलं नव्हतं. पण बाबा उठले. दारामागची केशरी पिशवी खांद्याला लावली, कारण हातात काठी असते आणि ह्या पिशवीचा पट्टा खांद्यावरून घसरत नाही. माझ्या तोंडात टाचण्या होत्या. त्या काढून ओरडेपर्यंत बाबा फाटकाबाहेर.

कडेला जाऊन उभे राहिले, मान खाली घालून. उजवीकडून बस येत होती. मी खिडकीचे गज धरून बघत होते. बाबांनी एक पाऊल खाली टाकलं, आणि बस हळू होत होत थांबली. तिच्यामागं टेम्पो थांबला. समोरून येणारी बसही थांबली. बाबा काठी टेकत सावकाश पलीकडं गेले, वळले, आभार मानायला हात वर केला आणि भाजीच्या गाड्याकडं चालू लागले. माझा जीव भांड्यात पडला.

परत आले तेव्हा चेहरा लालबुंद झाला होता. "थांबतात गं," म्हणाले. "लोक थांबतात!"

त्या दिवसापासून बाबा रोज जायला लागले. रोज बागेत बसणं, रोज बटाटे. बटाट्यांचं निमित्त लागतच होतं, कारण नुसतं फिरायला जातो म्हणणं त्यांच्या मानी स्वभावात बसत नव्हतं. मी बटाट्याचं जे जे होऊ शकतं ते सगळं केलं. वहिनी डबा उघडून काही बोलायची नाही. संध्याकाळी एवढंच विचारायची, "आज गेले होते का बाबा?" मी हो म्हटलं की तिचा चेहरा उजळायचा आणि रात्रीचे बटाटेही ती आवडीनं खायची.

बाबा मात्र बोलून बोलून कान किटवायला लागले. "माणसं सुधारलीत. आमच्या वेळी कोणी थांबत नव्हतं. आता म्हाताऱ्या माणसानं पाऊल टाकलं की बस उभी!"

"माणसं सुधारत नसतात बाबा, फार तर दमतात."

"तू ह्या खिडकीत बसून बसून कडू झालीस."

मी कडू आहे हे मला ठाऊक आहे. पण खरं सांगायचं तर मलाही हळूहळू त्यांचं पटायला लागलं होतं. रोज डोळ्यांनी बघत होते ना.

मग एका संध्याकाळी वहिनी हसतच घरी आली. कंट्रोल रूमच्या पडद्यावर जी गाडी दिसते पण जागेवर जाऊन बघितलं तर सापडत नाही, तिला त्यांच्यात भूत म्हणतात. असं एक भूत आमच्याच रस्त्यावर निघालं होतं.

"साहेब वैतागलेत," ती जेवताना सांगत होती. "रोज सकाळी एक ट्रक आपल्या दारासमोर बंद पडतो. बंद पडलाय म्हणून सांगतो आणि तरी चालतो! रस्ता ओलांडतो, बागेत जाऊन बसतो, आणि थोड्या वेळानं परत येतो."

बाबांना ठसका लागला. "बागेत ट्रक? मग आम्हाला कसा दिसत नाही?"

आम्ही तिघंही पोट धरून हसलो.

वहिनीला वाटलं कोपऱ्यावरच्या खांबातच दोष आहे. तिनं पेटी बदलली, वायर बदलली, कबुतरांना हाकललं. भूत काही हलेना. साहेबांनी फर्मावलं, सकाळी जागेवर उभे राहा आणि शोधून काढा. म्हणून ती हातात अँटेना आणि लहानसा पडदा घेऊन आमच्याच फुटपाथवर येऊन उभी राहिली. मी खिडकीतून तिला दोनदा चहा विचारला. तिनं हातानंच नको म्हटलं.

बराच वेळ पडद्यावर काही नव्हतं. मग एकदम ती सावध झाली. अँटेना इकडून तिकडं फिरवत ती हळूहळू वळली आणि वळता वळता तिचं तोंड आमच्याच फाटकाकडं झालं. फाटकातून बाबा बाहेर आले. खांद्याला केशरी पिशवी.

"अगं, तू इथंच? सापडलं का भूत?"

वहिनी पिशवीकडं बघतच राहिली. तेवढ्यात बाबा कडेला पोचले आणि मान खाली घालून, इकडं तिकडं न बघता, सरळ खाली उतरले. बस हळू होऊन थांबली. पण बसच्या मागं एक जुनाट टेम्पो होता, ज्याच्या पोटात पेटीबिटी काही नव्हती. पुढची बस विनाकारण का थांबली म्हणून तो तिला वळसा घालून जोरात बाहेर आला.

वहिनी किंचाळली. टायर किंचाळले. टेम्पो बाबांपासून हातभर अंतरावर उभा राहिला. बाबांनी मान वरसुद्धा केली नाही. पलीकडं जाऊन त्यांनी नेहमीसारखा आभाराचा हात केला, टेम्पोलाही केला. आतला माणूस स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला होता. वहिनी फुटपाथच्या कडेवर तशीच खाली बसली.

थोड्या वेळानं आत आली. "ताई, जादाचा सेट कुठाय?"

"खिळ्याला असेल."

आम्ही दोघी त्या रिकाम्या खिळ्याकडं बघत उभ्या राहिलो. मग तिनं मला सगळं उलगडून सांगितलं.

"तू गपचूप काढून घे सेट," मी म्हटलं. "त्यांना कशाला सांगायचं?"

"मग उद्या ते असेच मान खाली घालून उतरणार, आणि कोणी थांबणार नाही."

"मग राहू दे पिशवीत."

"आजचा टेम्पो बघितलात ना?"

"अगं, पण खरं सांगितलंस तर ते परत खुर्चीत बसतील!"

"बसले तर बसू देत ताई. मेले तर मी काय करू?"

ती रडत होती आणि मी तिच्यावर ओरडत होते, कारण तिचं म्हणणं बरोबर होतं आणि मला ते नको होतं.

बाबा आले. वहिनीनं त्यांना बसवलं, पाणी दिलं, पिशवीतले बटाटे काढले, अस्तर वर केलं आणि काळा सेट टेबलावर ठेवला. सगळं सांगितलं. आपण विसरलो तिथपासून टेम्पोपर्यंत, काही गाळलं नाही. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. सेटवरून बोट फिरवलं.

"म्हणजे रोज जात होता तो ट्रक मीच."

"हो बाबा."

"बंद पडलेला."

वहिनीनं मान हलवली.

"हे मात्र बरोबर ओळखलं त्यानं," बाबा म्हणाले, आणि उठून खुर्चीत जाऊन बसले. खुर्ची त्यांनी भिंतीकडं वळवून घेतली होती.

दुसऱ्या दिवशी वहिनीनं सेट ऑफिसात नेऊन दिला आणि साहेबांना आपणहून सगळं सांगितलं. साहेबांनी तिची चांगलीच हजेरी घेतली. मग तिनं विचारलं, ट्रकच्या जागी म्हातारा माणूस असं सांगणारा सेट मिळेल का. साहेब काही वाईट माणूस नाही. त्यांनी खरोखर शोधून बघितलं. बस होती, ट्रक होता, रुग्णवाहिका होती, रस्ता झाडायची गाडीसुद्धा होती. आमच्याकडच्या सेटमध्ये पायी चालणारं माणूस काही निघालं नाही.

घरात बटाटे येणं थांबलं. बाबा जेवायचे, झोपायचे, विचारलं तेवढं बोलायचे. आपण चालू शकतो हे त्यांना आता पुरतं ठाऊक होतं, आणि तरी ते बसून राहिले. भीतीनं बसले होते तेव्हा मी निदान चिडू शकत होते. आता ते दुखावले होते. माणसं चांगली झालीत असं ते बागेतल्या बाकावर बसून सगळ्यांना सांगत होते, आणि ते खोटं ठरलं होतं. मला त्यांची फार दया आली. दया हा प्रकार मला जमत नाही, म्हणून मी मशीन जोरात चालवत राहिले.

अशातच एका दुपारी खिडकीशी एक माणूस येऊन उभा राहिला. भरघोस मिश्या, अंगात बसवाल्यांचा गणवेश. मला वाटलं बटण लावून हवं असेल.

"ताई, ते केशरी पिशवीवाले आजोबा इथंच राहतात ना? दिसले नाहीत बरेच दिवस. बरे आहेत ना?"

"बरे आहेत. पण तुम्ही कोण?"

"मी ह्या रस्त्यानं बस नेतो. रोज थांबतो त्यांच्यासाठी."

आता ह्याच्यापासून काय लपवायचं? मी सगळी हकीकत सांगून टाकली. तो ऐकताना मिशीवरून हात फिरवत होता.

"असं होय! आम्हा ड्रायव्हरांना वाटलं, ऑफिसनंच त्यांच्यासाठी काहीतरी सोय केलीय. पडद्यावर ट्रक, आणि वर बघावं तर आजोबा. आम्ही म्हटलं, चला, ऑफिसला पहिल्यांदा अक्कल आली. म्हणून कोणी तक्रारसुद्धा केली नाही."

मला हसू आवरेना. "म्हणजे बाबांना वाटलं तुम्ही चांगले, तुम्हाला वाटलं ऑफिस चांगलं, आणि चांगलं कोणीच नव्हतं. एक सेट घरी विसरला होता, बस्स."

"असेल तसं," तो म्हणाला. "पण आता तिथं आलो की पाय आपोआप ब्रेकवर जातो बघा. पडद्यावर काही असो नसो. आणि ते पलीकडं जाऊन हात करतात ना, ते बरं वाटतं. आम्हाला दिवसभरात शिव्याच जास्त." जायला वळला, परत थांबला. "एक सांगाल का त्यांना? ते मान खाली घालून उतरतात, मला धडकी भरते. एकदा वर माझ्याकडं बघा म्हणावं. नजर मिळाली की मी थांबलोच समजा."

बाबांची खुर्ची माझ्यापासून चार हातांवर होती. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. मी वळून बघितलं तर ते भिंतीकडंच बघत होते. मीही विषय काढला नाही. संध्याकाळी वहिनीला मात्र स्वयंपाकघरात नेऊन सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी विचारलं, "माझी पिशवी कुठाय?"

मी खिळ्यावरून काढून दिली. त्यांनी ती खांद्याला लावली, खालीवर करून बघितली. "हलकी लागते," म्हणाले, आणि निघाले.

वहिनी त्या वेळी कोपऱ्यावरच्या खांबावर चढलेली होती. त्या खांबाला त्या दिवशी काहीही झालेलं नव्हतं. तरी ती वर होती आणि तिथून आमचं फाटक स्पष्ट दिसतं.

बाबा कडेला उभे राहिले. ह्या वेळी मान वर होती. बस आली, मिशीवाल्याची. बाबांनी थेट त्याच्याकडं बघितलं. बस थांबली. आणि बाबा उतरेनात! मला वाटलं, गेलं परत अवसान. तर त्यांनी काठी काखेत धरली आणि मोकळ्या हातानं बसला खूण केली, व्हा पुढं, तुम्ही आधी. मिशीवाल्यानं आतून मान हलवली आणि हातानं दाखवलं, नाही, तुम्ही. बाबांनी पुन्हा, तुम्ही. मागं गाड्यांची रांग लागली, हॉर्न वाजायला लागले, आणि हे दोघं एकमेकांना आग्रह करतायत. शेवटी बाबांनी माघार घेतली. उतरले. बसच्या नाकाशी जाऊन थांबले, वाकून मागून कोणी येत नाही ना ते बघितलं, मगच पुढं झाले.

त्याच वेळी वर खांबावर वहिनीचा फोन वाजला. हे तिनं आम्हाला संध्याकाळी सांगितलं. साहेबांचा होता.

"तुमच्या कोपऱ्यावर बस का थांबलीय? तिच्यापुढं काहीच दिसत नाहीये."

"माणूस आहे साहेब."

"पडद्यावर रस्ता रिकामा आहे."

"पडद्यावर रिकामा असेल. इथं माझे सासरे आहेत."

साहेबांनी पुन्हा एकदा पडद्याकडं बघितलं असावं. मग म्हणाले, "पोचले का पलीकडं?"

"अर्ध्यात आहेत."

"बरं. जाऊ देत सावकाश. मी सांगतो इथं सगळ्यांना."

हे सांगताना वहिनी बटाटे सोलत होती, आणि तिला ते बराच वेळ पुरले, कारण पिशवी पहिल्याइतकी जड लागेपर्यंत बाबा त्यात बटाटे भरत राहिले होते.